घरातलं दुःख आणि सस्पेन्स कादंबरी: प्रश्न शोधण्यापासून प्रकाशकापर्यंत

घरातलं माणूस गेलं की आपल्याकडे दुःख उरतं आणि त्या माणसाला विचारायचे राहून गेलेले प्रश्न उरतात. दुःखाबद्दल आपण बोलतो, रडतो, वर्षश्राद्धाला आठवणी काढतो, स्टेटसला फोटो ठेवतो. प्रश्नांबद्दल मात्र घरात कुणीच बोलत नाही, कारण त्यातून काहीतरी उघडं पडेल अशी सगळ्यांनाच धाकधूक असते. सस्पेन्स कादंबरी लिहायची असेल तर मालमसाला सगळा या प्रश्नांमधे आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. खून, पाठलाग, पोलीस हे नंतर आलं तर आलं, नाही आलं तरी चालतं.

खाली मी जी पद्धत सांगतेय ती माझी स्वतःची आहे, वडील गेल्यानंतर लिहिता लिहिता सापडलेली. सगळं नीट समजावं म्हणून पूर्ण लेखात एकच उदाहरण घेते, थोडं आमच्या घरचं, थोडं आजूबाजूच्या घरांतलं, बाकी रचलेलं. वडील मुंबईत गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो परत गिरणीत गेलेच नाहीत, तसे हेही गावी परतले, संगमेश्वर तालुक्यात. १९९८ साली वारले. मागे बायको, मोठा मुलगा, मुलगी आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक.

पायरी १: न विचारलेला प्रश्न शोधा

एक वही घ्या आणि "आता कुणाला विचारू" असं लिहून पुढे जे येईल ते लिहित जा, बाबा दर महिन्याला बाजाराच्या दिवशी एकटेच का जायचे, आजीने ती एक खोली कायम बंद का ठेवली, मामाकडे आपण अचानक जाणं का बंद केलं, असं काहीही. पानभर झाले की प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी विचारा. याचं उत्तर माहीत असलेलं कुणी अजून हयात आहे का? उत्तर बाहेर आलं तर कुणाचं तरी काही जाणार आहे का, इज्जत, जमीन, नातं काहीही? आणि या प्रश्नाला हाताला लागणारी एखादी वस्तू आहे का, कागद, दागिना, किल्ली? तिन्हीला हो येईल तो प्रश्न उचला. फक्त एकच. दोन प्रश्नांवर कादंबरी उभी करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

आपल्या उदाहरणात ती वस्तू म्हणजे मनिऑर्डरच्या पावत्या. ट्रंकेत तळाशी, गिरणीच्या पासाखाली, दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. आता हा गठ्ठा नीट बघा, कारण सस्पेन्स कसा तयार होतो ते इथेच कळतं. मनिऑर्डर करणाऱ्याला पोस्टात पावती मिळायची आणि पैसे पोचले की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोच परत यायची. पावत्या सगळ्या देवरुखच्या पोस्टाच्या शिक्क्याच्या, म्हणजे तालुक्याच्या, आणि गावात पोस्ट असताना माणूस पैसे पाठवायला तालुक्याला जातो याचा अर्थ गावातल्या पोस्टमास्तरला कळू द्यायचं नाहीये. पैसे जातायत पाटण तालुक्यातल्या एका बाईला, जिचं नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नाही. पोचेवर वर्षानुवर्षं निळ्या शाईचा अंगठा. आणि मग एका पोचेपासून अंगठा जाऊन सही येते, त्याच बाईच्या नावाची, पण अक्षर शाळकरी पोराचं, एकेक अक्षर सुटं आणि शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. म्हणजे त्या घरात एक मूल आहे आणि ते लिहायला शिकलंय.

एवढ्या कागदांतून कुणी एक शब्द न बोलता चार प्रश्न उभे राहिले. अशी वस्तू तुमच्या घरात शोधा. नसेल तर बनवा, पण बनवताना ती कशी चालायची याची बारीक माहिती काढा, शिक्का कुठे पडायचा, सही कोण करायचं, कागद कुणाकडे राहायचा. खुणा या तपशिलातच लपलेल्या असतात.

पायरी २: आधी रडून घ्या, वेगळ्या वहीत

ही पायरी गाळू नका. पहिले काही आठवडे जे लिहाल ते कादंबरीचं नाहीये, ते तुमचं आहे. हॉस्पिटलचा वास, शेवटचा फोन, न गेल्याची टोचणी, नातेवाइकांचा राग, सगळं एका वहीत उतरवा आणि ती वही कादंबरीच्या कागदांपासून लांब ठेवा. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मधे एका सहकाऱ्यासोबत प्रयोग प्रसिद्ध केला होता, लोकांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या दुखऱ्या अनुभवावर लिहायला लावायचं, आणि त्यातून अशा लिखाणावर पुढे खूप संशोधन झालं. त्या प्रयोगात लोकांना लिहिल्यानंतर लगेच उलट जास्त वाईट वाटलं होतं हेही लक्षात ठेवा. म्हणून रात्री उशिरा एकटं बसून हे करू नका, दुपारी करा, नंतर कुणाशी तरी बोला. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटायला लागलं तर लिखाण बाजूला ठेवून टेली मानसच्या १४४१६ नंबरवर फोन करा, सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कादंबरी कुठे पळून जात नाही.

कादंबरीला हात घालायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? माझी एक परीक्षा आहे. घरातल्या ज्या माणसाचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आहे त्याच्या नजरेतून एक पान लिहून बघा, त्याला माणूस म्हणून उभं करता आलं तर तयार आहात, आणि अजून नुसतीच शिवीगाळ येत असेल तर पहिली वहीच चालू ठेवा.

पायरी ३: कुणाला काय माहीत, याचा तक्ता

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नवीन लिहिणारे नेमकी हीच टाळतात. मोठा कागद घ्या, डावीकडे घरातली सगळी माणसं लिहा आणि प्रत्येकासमोर चार रकाने: याला खरं काय माहीत आहे, याला काय वाटतंय की माहीत आहे, हा काय लपवतोय, आणि का लपवतोय.

आपल्या घराचा तक्ता असा होईल. आईला माहीत आहे की पैसे बाहेर जातात. तिला वाटतंय की मुंबईत नवऱ्याचं दुसरं घर होतं, आणि तिने हे कधीच विचारलं नाही कारण विचारलं आणि हो म्हणाला तर मग कुठे जायचं. दादाला कॉलेजात असताना एक पावती सापडली होती, तो तेव्हापासून वडिलांशी नीट बोललाच नाही आणि आता ते गेल्यावर त्याला ते खातंय. धाकटे काका वडिलांबरोबर त्याच गिरणीत बदली कामगार होते, त्यांना सगळं माहीत आहे आणि भावाला दिलेल्या शब्दापायी ते गप्प आहेत. मुलीला काहीच माहीत नाही, म्हणून कथा तिच्या नजरेतून सांगायची, तिच्याबरोबर वाचकाला एकेक दार उघडत जाता येतं.

शेवटच्या रकान्यात नियम एकच, लपवण्याचं कारण माया किंवा भीती यातलंच पाहिजे, शक्यतो दोन्ही. घरातली माणसं दुष्टपणाने गुपितं फारशी ठेवत नाहीत, कुणालातरी जपायला ठेवतात, आणि म्हणूनच गुपित फुटतं तेव्हा राग आणि प्रेम एकदमच वर येतं. हे तुम्हाला घरातून फुकट मिळालंय, बाहेरच्या लेखकाला ते कल्पनेने उभं करावं लागतं.

मराठी घरातली गप्प बसायची भाषाही तक्त्याच्या कडेला लिहून ठेवा. "जाऊ दे आता, गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं." "तू लहान आहेस." "चहा घेणार का?" "हा विषय नको." दिवाणखान्यात कुणी असं म्हणालं आणि उठून आत गेलं की वाचक समजतो, इथे काहीतरी आहे.

पायरी ४: आधी खरं काय घडलं ते ठरवा

शेवट माहीत नसताना सस्पेन्स लिहायला बसू नका. खरं काय घडलं ते आधी दोन पानांत, तारखांसकट, सरळ क्रमाने लिहून काढा. आपल्या उदाहरणात: संप लांबला, घरी पैसे नाहीत, मुलगी तान्ही आणि आजारी. वडील गुपचूप पोलीस बंदोबस्तात कामावर जायला लागले. साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावरचा जोडीदार, एकाच खानावळीत जेवणारा, पाटणकडचा, त्याला हे माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. संप फोडणाऱ्याचं नाव शोधत लोक आले तेव्हा संशय जोडीदारावर आला, त्याला मारहाण झाली, तो त्यातून उठला नाही. वडील एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात गाव गाठलं आणि त्याच्या बायकोला पैसे पाठवायला लागले, मरेपर्यंत. आणि ज्या मुलीच्या औषधासाठी हे सगळं झालं तीच मुलगी आज पावत्या हातात घेऊन बसलीये.

आमच्या घरच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही, आता मिळणारही नाही. म्हणून वरचं उत्तर रचावं लागलं. रचलेलं उत्तर इतकं पक्कं होत जातं की काही महिन्यांनी आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं, तेव्हा जपा, वडिलांबद्दल नातेवाइकांशी बोलताना कादंबरीतले वडील मधे आणू नका.

बाहेरचं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. जेम्स एलरॉय या अमेरिकन लेखकाच्या आईचा १९५८ मधे लॉस एंजेलिसजवळ खून झाला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता, खुनी आजतागायत सापडलेला नाही. त्याने आधी १९८७ मधे कादंबरी लिहिली ती १९४७ साली खून झालेल्या दुसऱ्याच एका तरुणीवर. स्वतःच्या आईवर थेट पुस्तक आलं ते १९९६ मधे. दुःख तेच, पण आधी ते दुसऱ्या घटनेत नेऊन ठेवलं. आपल्याला जमण्यासारखी वाट आहे ही.

पायरी ५: काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

नुसती नावं बदलून काही होत नाही, आत्या पहिल्याच पानावर ओळखते. धंदा बदला, गाव बदला, भावंडांची संख्या बदला, कोण आधी गेलं तो क्रम बदला, दोन माणसांचं एक करा किंवा एकाचे दोन करा. मृत्यूचं कारण तर शक्यतो बदलाच, कारण खऱ्या आजारपणाचं वर्णन लिहिताना आपण डायरीत घसरतो आणि पानंच्या पानं औषधांची नावं भरत जातात.

ठेवायचं काय, तर वस्तू, लकबी आणि भावनेचा नेमका रंग. वडील पावती घडी करताना आधी नखाने रेघ पाडायचे, ठेवा. आई रडताना भांडी घासायची, ठेवा. दादाला अंत्यविधीच्या वेळी चपला सापडेनात म्हणून तो भयंकर चिडला होता आणि ती चीड खरं तर कशाची होती, ठेवाच ठेवा. अशा गोष्टी बसून सुचत नाहीत.

पायरी ६: तेरा दिवसांचं घड्याळ

सस्पेन्सला मुदत लागते, अमुक वेळेच्या आत अमुक झालं नाही तर गेलं. आपल्याकडे शोकालाच मुदत आहे. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायच्या, दहाव्याला नदीवर पिंड, मग बारावा, तेरावा, गोडाचं जेवण आणि पाहुणे आपापल्या गाडीने परत. म्हणजे घराण्यातली सगळी माणसं एका छपराखाली, बाहेर जाता येत नाही, चूल नीट पेटत नाही, शेजारून पिठलंभात येतोय, आणि तेराव्यानंतर ही माणसं पुन्हा एकत्र भेटतील याची खात्री नाही. कादंबरीला आणखी काय हवं! मी तर म्हणेन पहिली कादंबरी असेल तर बाहेरची रचना शोधायच्या फंदात पडूच नका, तेरा दिवस म्हणजे तेरा भाग.

रीतींचा उपयोग प्लॉटसाठी करा, नुसत्या वातावरणासाठी वर्णनं भरू नका. बऱ्याच घरांत माणूस गेलं त्या जागी दिवा लावतात आणि तो विझू द्यायचा नसतो. म्हणजे रात्रभर कुणीतरी त्या खोलीत जागं. आणि ट्रंक त्याच खोलीत पलंगाखाली. आता मुलीला पावत्या परत बघायच्यात तर तिला दिव्याजवळ बसायची पाळी मागून घ्यावी लागेल, आणि पहाटे काका म्हणतील, "जा बाय, तू पड जरा, मी बसतो." ते मायेने म्हणतायत की ट्रंकेपासून तिला लांब ठेवायला? वाचकाला दोन्ही वाटलं पाहिजे आणि खरं तर दोन्ही खरं असलं पाहिजे.

दुसरं घड्याळ सरकारी. जमिनीवर वारस नोंदीचा अर्ज झाला की तलाठी फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. दादाने दुसऱ्याच दिवशी घाईने अर्ज दिला असेल तर? घरात तेराव्याची तयारी आणि चावडीवर नोटीस, दोन्ही घड्याळं बरोबर चालतायत, आणि नोटीस वाचून पाटणहून कुणीतरी येतं.

पायरी ७: साल आणि कागद

कथेचं साल पक्कं करा, कारण सालाबरोबर कायदा आणि टेक्नॉलॉजी दोन्ही बदलतात. १९९८ घेतलं तर गावात एसटीडी बूथ आहे, मोबाइल नाही, गुगल करून कुणाचा पत्ता काढता येत नाही, म्हणजे मुलीला एसटी पकडून जावंच लागेल आणि जाण्यासाठी घरी खोटं बोलावं लागेल. आजचं साल घेतलं तर हा सगळा भाग अर्ध्या तासात संपतो आणि तुम्हाला दुसरा अडथळा शोधावा लागतो, उदाहरणार्थ वडिलांच्या फोनचा पासवर्ड.

जमिनीचं कथानक असेल तर जास्तच जपा. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं, ती अट देशभराच्या २००५ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे १९९८ मधे घडणाऱ्या एखाद्या कथेत मुलीचं लग्न मे १९९४ मधे झालं की जुलै १९९४ मधे याने हक्क फिरतो. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायला भाऊ पेढे घेऊन येतो हा प्रसंग महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी बघितलाय, त्यावर कुणी खास विचार न करता सही होते. त्या सहीवर सस्पेन्स उभा करा ना.

अजून काही लागणारे मुद्दे भराभर सांगते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे साध्या कागदावरचं मृत्युपत्र कुठल्याही डब्यातून निघू शकतं. बँकेतला नॉमिनी पैसे घ्यायला पात्र असतो पण त्यामुळे मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतो, म्हणून नॉमिनीच्या जागी अनोळखी नाव निघालं की घरात भूकंप होतो. बेपत्ता माणसाबद्दल सात वर्षं काही कळलं नाही तर कायदा तो वारला असं धरतो. मृत्यू संशयास्पद असेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर तो फॉरेन्सिक लॅबला जातो, आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे नवीन आलेत, त्यामुळे आजच्या कथेतला फौजदार जुनी कलमं म्हणायला लागला तर वाचक पकडतो. तालुक्याच्या एखाद्या वकिलाला किंवा निवृत्त तलाठ्याला गाठून दोन तास बसा, ही माणसं कायद्याइतकेच किस्सेही सांगतात.

पायरी ८: काय दाखवायचं, काय अर्धं दाखवायचं

आता लिखाणातली कारागिरी. वाचकाला तीन प्रकारे धरून ठेवता येतं: त्याला पात्राइतकंच माहीत असतं, पात्रापेक्षा कमी माहीत असतं, किंवा जास्त. दुःखाच्या कथेत मला तिसरा प्रकार फार जवळचा वाटतो. आईला वाटतंय दुसरं घर होतं, आणि वाचकाला सहाव्या दिवशीच कळलंय की तसं नव्हतं, पण मुलगी आईला सांगत नाही कारण पुराव्याशिवाय कसं सांगणार. मग आई जेव्हा जेव्हा फोटोला हार घालताना तोंड फिरवते तेव्हा वाचकाचा जीव तुटतो. काय घडलं हे माहीत असूनही पान उलटलं जातं, आईला कधी कळणार म्हणून.

अर्धं दाखवायचं कसं, तर दहाव्याचा प्रसंग घ्या. नदीवर पिंड ठेवलेत, कावळे झाडावर बसलेत आणि एकही खाली येत नाही. दादा पुढे होऊन म्हणतो, आईला सांभाळीन. नाही. बहिणीचं बघीन. नाही. जमीन विकणार नाही. नाही. ऊन चढतंय, भटजी घड्याळ बघतायत. मग काका पुढे होतात, वाकून काहीतरी पुटपुटतात, आणि कावळा शिवतो. हा प्रसंग सगळा समोर दाखवला तर नाट्य आहेच, पण आपली मुलगी घाटावर नाहीये, ती घरी दिव्याजवळ आहे, बायका घाटावर जात नाहीत. तिला हे कळतं ते दादा अंगणात पाय धुताना:

"शिवला का?"
"शिवला एकदाचा. लय वेळ लावला."
"कुणी काय बोललं?"
"मी बोललो सगळं. शेवटी काका काहीतरी म्हणाले."
"काय म्हणाले?"
"ऐकू नाही आलं. टॉवेल दे."

एवढंच. वाचकाच्या डोक्यात काकांचे ओठ हलत राहतात आणि त्याला माहीत आहे की या घरात आता एकच माणूस आहे ज्याला विचारता येईल.

पण फसवायचं नाही. मुलीच्या नजरेतून कथा सांगताय आणि तिने एखादी गोष्ट बघितली तर ती वाचकालाही दिसलीच पाहिजे. लपवायचं ते तिच्या दुसऱ्या एखाद्या भावनेच्या आड. पोचेवरची पोराची सही तिला पहिल्यांदा दिसते तेव्हा ती वडिलांच्या अक्षराची आठवण येऊन रडत असते, म्हणून सहीवर नजर जाते आणि निसटते. दुःख खुणा लपवायला इतकं चांगलं असतं कारण रडणारा माणूस नीट बघत नाही. महत्त्वाची खूण तीनदा येऊ द्या, एकदा रडण्यात, एकदा कामाच्या गडबडीत आणि तिसऱ्यांदा तिचा अर्थ लागतो तेव्हा.

पायरी ९: उलगड्याबरोबर पुन्हा एकदा माणूस जातो

प्रत्येक उलगड्याला वडिलांचा एक तुकडा हरवला पाहिजे. दुसरं घर नव्हतं हे कळलं तेव्हा सुटका वाटते, मग संप फोडला हे कळतं आणि आयुष्यभर मोर्चात पुढे असलेले वडील जातात, मग जोडीदाराचं कळतं आणि सज्जन वडील जातात. शेवटी आपल्या औषधासाठी हे झालं हे कळतं तेव्हा मुलीला रागवायलाही जागा राहत नाही. मुलगी तेरा दिवसांत वडिलांना चारपाच वेळा गमावते. उलगडे फक्त माहिती म्हणून आले तर कोडं सुटतं आणि पुस्तक मिटतं, पण आतून काही हलत नाही.

दोन उलगड्यांच्या मधे शांत प्रकरण टाका, जिथे फक्त घर आहे. कुणीतरी वडिलांच्या शर्टाचं काय करायचं विचारतं, पोस्टमन पेन्शनीचं पाकीट आणतो, शेजारचं पोर सवयीने "आजोबा" अशी हाक मारत आत येतं. संपादक म्हणतील गती कमी होतेय. थोडी होऊ द्या, पण प्रकरण संपता संपता पुढचं एक बारीक टोक दिसलं पाहिजे.

पायरी १०: पहिला खर्डा

साठ ते सत्तर हजार शब्द धरा, तेरा भाग म्हणजे भागाला पाच हजारांच्या आसपास. पहिला खर्डा मागे न वाचता शेवटपर्यंत न्या. वडिलांच्या मृत्यूचं प्रकरण क्रमाने आलं आणि हात चालत नसेल तर तिथे एक ओळ टाकून पुढे जा, ते सगळ्यात शेवटी लिहा, मला तरी ते शेवटीच जमलं. दुसऱ्या खर्ड्यात तक्ता समोर ठेवून प्रत्येक संवाद तपासा, या माणसाला या दिवशी हे माहीत होतं का? निम्म्या चुका इथेच सापडतात. मग घरच्या नसलेल्या दोघांना वाचायला द्या आणि त्यांना एवढंच विचारा की कुठल्या पानावर कुणावर संशय आला.

पायरी ११: घरचे आणि कायदा

छापायच्या आधी घरात सांगा. परवानगी मागा असं मी म्हणत नाही, पण आईला पुस्तक दुकानात दिसून कळू नये. ज्याच्यावरून मुख्य पात्र घेतलंय त्याला ते भाग आधी वाचायला द्या आणि ऐकून घ्या, काही गोष्टी खरंच काढाव्याशा वाटतील, काही नाही.

कायद्याची बाजू अशी की बदनामीचा गुन्हा मेलेल्या माणसाबाबतही होऊ शकतो, तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता असं दिसलं तर. "सर्व पात्रे काल्पनिक" ही ओळ टाकली म्हणून आपोआप सुटका होत नाही, ओळखू येणार नाही इतकं बदललेलं असणं हाच खरा बचाव. पत्रांचं वेगळंच आहे. वडिलांना आलेली पत्रं ट्रंकेत असली तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि तो गेल्यानंतर त्याच्या वारसांचा असतो. म्हणून खरी पत्रं जशीच्या तशी छापू नका, त्या धर्तीवर स्वतः लिहा. वडिलांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांचा हक्क सगळ्या वारसांचा मिळून असतो, म्हणजे भावाबहिणीला विचारावं लागतं.

पायरी १२: प्रकाशकाकडे पाठवताना

पूर्ण हस्तलिखित तयार झाल्याशिवाय पाठवू नका, सस्पेन्सच्या बाबतीत तीन प्रकरणांवरून कुणी काही ठरवू शकत नाही. युनिकोडमधे टाइप करा, पानांना नंबर द्या, सोबत एक पानाचं पत्र आणि दोन पानांचा सारांश. पत्रात तुमच्या दुःखाची कहाणी सांगायची गरज नाही, कथा कुठे घडते, कधी घडते आणि मुख्य प्रश्न काय हे आलं की झालं. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज असतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि सारांशात शेवट लपवू नका. जोडीदार कसा मेला, काका नदीवर काय पुटपुटले, पाटणहून कोण आलं, सगळं सरळ लिहा, संपादकाला रहस्य टिकतंय का ते बघायचं असतं आणि ते शेवट कळल्याशिवाय बघता येत नाही.